न वाचलेलं दुसरं पान

मी वाचणारा माणूस आहे हे खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते मीच सांगत असे. उरणकडच्या एका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो आणि तीन नाद लावून घेतले. सकाळी ध्यान, दुपारी आफ्रिकेचा इतिहास आणि संध्याकाळी जगाची काळजी. आमच्या नळाला पाणी का येत नाही हे मला सांगता येत नसे, पण इराकमध्ये अमेरिकेचं काय चुकलं हे जिन्यात उभा राहून खुलासेवार सांगत असे. शेजारी ऐकायचे. जिना अरुंद होता, मला ओलांडून जाता येत नसे.

ध्यानासाठी दहा दिवसांचं मौनाचं शिबिरही करून आलो होतो. तिथे मला दोनदा समज मिळाली. बोलण्याबद्दल नव्हे, घोरण्याबद्दल. तरी परतल्यावर सोसायटीत मी महिनाभर हळू आवाजात बोलत होतो.

या सगळ्याची टिंगल करण्याचा हक्क एकाच माणसाला होता. तो आमच्या कचेरीतला शिपाई, माझ्याच वर्षी निवृत्त झालेला, खाडीकाठच्या गावातला. चौथी शिकलेला. सही यायची, मोठी अक्षरं तेवढी वाचता यायची. दरवर्षी तळ्यातला जिताडा घेऊन घरी यायचा. त्याच्या गावात हा मासा विकण्यापेक्षा देण्यासाठी पाळतात, आणि ज्याला देतात तो घरचा होतो. मी बारा-तेरा जिताडे खाल्ले असतील. म्हणजे घरचाच.

दोन हजार दहानंतरची गोष्ट. विमानतळासाठी त्याचं गाव उठणार हे नक्की झालं होतं. नव्या जागी प्रत्येक वेगळ्या चुलीला वेगळा प्लॉट मिळायचा होता. त्याची धाकटी विधवा बहीण, आम्ही तिला ताई म्हणायचो, त्याच्या घराला लागून मागच्या दोन खोल्यांत राहायची. भिंत एक, पण दार वेगळं, चूल वेगळी. भावजयीच्या हाताखाली राहायचं नाही म्हणून तिने मासळी विकून त्या खोल्या बांधल्या होत्या. मोजणीवाले आले तेव्हा ती मासळीची पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात होती आणि तिच्या दाराला कुलूप होतं.

मोजणीचा कागद सहीसाठी आला तसा शिपाई तो माझ्याकडे घेऊन आला. मी ध्यानाला बसलो होतो. बायकोने त्याला बसायला सांगितलं. मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, चहाचे घोट धरून. पण साधकाने आवाजाकडे लक्ष द्यायचं नसतं, म्हणून मी चाळीस मिनिटं त्याला बसवून ठेवला.

"साहेब, ध्यान झाला का? का अजून झोप बाकी हाय?"

"बोल लवकर. अकरा वाजता वाचनालयात माझं व्याख्यान आहे."

"ह्यो कागद बघा. ताईचा बरोबर लिवलाय का तेवढा सांगा. मंग सही करतो."

दोन पानं टाचलेली होती. पहिल्या पानावर कुटुंबातल्या माणसांची यादी होती आणि तिच्यात शेवटी ताईचं नाव होतं. माझं एक बोट त्या नावावर होतं, दुसऱ्या हाताने मी व्याख्यानाची टिपणं शोधत होतो.

"हे काय, आहे की नाव."

"मागचा पान?"

"मागे नेहमीचंच असतं. नियम-बियम. कर सही."

"वाचलाव ना पन?"

"अरे, आयुष्य गेलं माझं कागद वाचण्यात!"

त्याने माझ्याच पेनने, माझ्याच टीपॉयवर, जीभ दातांत धरून सही केली आणि जाता जाता मोजणीच्या कचेरीत कागद देऊन तो व्याख्यानाला आला.

व्याख्यान आफ्रिकेवर होतं. सतरा माणसं होती, त्यांतली चार पंख्याखाली बसायला आलेली. मी कांगो नदीच्या काठावरचं सांगत होतो. गोरे लोक गावोगाव गेले, तिथल्या मुखियांपुढे कागद ठेवले, कापडाचे तागे आणि दारूच्या बाटल्या दिल्या. मुखियांनी खाली फुल्या मारल्या. त्यांना वाटलं, दोस्ती झाली. कागदात लिहिलं होतं की जमीन गेली. पुढे त्याच गावांतून रबर काढून घेताना माणसांचे हात तोडले गेले. इथे माझा आवाज भरून आला. घरी आरशासमोर भरून आला होता त्याच जागी.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतून तो उठला.

"साहेब, त्या राजांच्यात वाचनारा एकपन नव्हता?"

"नव्हता ना. तीच तर शोकांतिका."

"आमच्याकडं हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की अजूनही मला खोलीतून उठून बाहेर जावंसं वाटतं.

पाच-सहा महिन्यांनी यादी लागली. त्याच्या घराला एक प्लॉट होता, ताईला काहीच नव्हतं. मोजणीवर हरकत घ्यायची मुदत तोवर टळून गेली होती. आम्ही तिघं मोजणीच्या कचेरीत गेलो. समोरचा माणूस वाईट नव्हता. त्याने फाईल काढली, दुसरं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही शिकलेले दिसता. तुम्हीच वाचा."

वाचलं. 'आवारात स्वतंत्र चूल असलेली अन्य कुटुंबे : नाही.' खाली सही होती. पहिल्या पानावरचं जे नाव बघून मी खूश झालो होतो, त्याच नावाने तिचं घर गेलं होतं. भावाच्या माणसांत ती धरली गेली होती.

"परत वाचा," ताईचा भाऊ म्हणाला.

मी परत वाचलं. तिथे आवाज भरून वगैरे आला नाही.

मग मी जे करता येतं ते सगळं केलं. सात अर्ज लिहिले, सुंदर अक्षरात. गावातल्या दहा जणांच्या साक्षी घेतल्या की चूल वेगळी होती. प्रत्येक अर्जाला पोच मिळाली. त्या काळात ध्यानाला बसलो की श्वासाऐवजी तेच पान दिसायचं. सोडून द्या, असं शिबिरात शिकवलं होतं. पण सोडायला ते माझं कुठे होतं? गेलं होतं तिचं.

गाव उठलं. घर पाडलं त्या दिवशी ताईने आपली चूल स्वतः फोडली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आता ती भावाच्या नव्या घरात राहते. तिथे स्वयंपाकघर एकच आहे आणि ते भावजयीचं आहे. ताई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसते. चहा पाहिजे असला तर मागावा लागतो, म्हणून तिने चहा सोडला.

त्याच्याकडून जिताडा यायचा बंद झाला. मीच त्यांच्याकडे जातो.

गेलो की ताई उठते, फळीवरून काहीतरी घेऊन येते आणि माझ्या हातात देते. कधी लाईटचं बिल, कधी डॉक्टरची चिठ्ठी. परवा खोकल्याच्या औषधाचं खोकं होतं.

"वाचा."

"ताई, हे दिवसातून दोनदा घ्यायचं, जेवल्यावर."

"सगला वाचा."

मी सगळं वाचतो. औषधात काय काय आहे, कुठे बनलं, लहान मुलांपासून दूर ठेवा, थंड जागी ठेवा. ती माझ्या तोंडाकडे बघत असते. तो दारात पाठमोरा बसून जाळं विणत असतो. मी थांबलो की त्याचा हातही थांबतो.

"झालं," मी म्हणतो.

ताई खोकं माझ्या हातातच उलटं करते आणि बोट ठेवते.

"मागचा?"