पान अकरावरचा माझा आलेख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याचं कामच खोटं पकडणं होतं त्या यंत्रालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधीच बजावते: मधेच ‘अगं, तू तरी काय करणार होतीस’ असलं काही म्हणायचं नाही. माझी समजूत घातलेली मला चालणार नाही.

तुम्ही मला ओळखता ते किस्से सांगणारी बाई म्हणून. गणपतीत पंगत उठली की ‘हं, आता जोशीबाई, तुमचा तो बेकरीचा होऊ द्या’ — ती मी. त्या किश्शांचंही पुढे निघणारच आहे.

तर, यंत्र. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या आमच्या लहानशा कंपनीत आम्ही श्वास, घाम, नाडी मोजायची उपकरणं बनवायचो. लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसांवर उपचार करणाऱ्या एका केंद्राला आमच्याकडून खोटं पकडायचं यंत्र हवं होतं. इथलं कोर्ट ते पुरावा म्हणून मानत नाही. पण केंद्राला पुरावा नकोच होता. इंग्लंड-अमेरिकेत करतात तसं त्या माणसांना — त्यांच्या संमतीने — अधूनमधून खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं: मुलांच्या आसपास गेलात का? काही लपवताय का? उत्तर खरं वाटलं तर देखरेख जरा सैल करायची.

यंत्र जुळवायला आधी साधी माणसं लागतात. म्हणजे आम्हीच. आमचे साहेब, हेर ब्रांट, म्हणाले, “आल्झो, पहिल्या फ्राउ जोशी. त्यांना खोटं बोलताच येत नाही!” सगळे हसले. मीही हसत जाऊन बसले. छातीचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सोडावा लागला. दिवाळीचा फराळ यंत्राला सगळ्यात आधी कळला.

तुमचं नाव जोशी का? ‘या’, म्हणजे हो. आज सोमवार का? ‘या’. असं करत करत सातवा प्रश्न आला — एखाद्या मुलाला कुणी त्रास दिल्याचं माहीत असूनही तुम्ही गप्प राहिला आहात का?

‘नाइन’, नाही, म्हणाले.

रेघ हललीसुद्धा नाही.

कशी हलेल? माझा रियाज केवढा! दर रविवारी सासूबाईंना फोन. नवऱ्याची, श्रीरंगची नोकरी गेली होती ते आठ महिनेसुद्धा — “अहो आई, सगळं मजेत! हे ना, आत्ताच ऑफिसच्या कामाला बसलेत.” मागून आमचा निनाद ओरडला होता, “मम्मा, दस श्टिम्ट दोख गार निष्ट!” हे तर मुळीच खरं नाहीये! एका हाताने त्याचं तोंड दाबलं, दुसऱ्या हातात फोन, आणि आवाज गुळाच्या पाकासारखा. परदेशातलं मराठी माणूस रविवारी खोटं बोलत नाही, तो घरच्यांना सांभाळतो. असं आपण म्हणतो. त्या पट्ट्याला ते सांभाळणं अगदी खऱ्यासारखं दिसलं.

“गेनाऊ! अगदी बरोबर! खरं असं दिसतं,” ब्रांट म्हणाले. आणि तो आलेख माहितीपुस्तिकेत छापला गेला — पान अकरा, ‘खऱ्या उत्तराचा नमुना’. माझं खोटं.

एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं — ‘मी खोटं बोलले आणि तुमच्या यंत्राला कळलं नाही.’ पण पुढचा प्रश्न आला असता, कशाबद्दल? म्हणून मी गप्प बसले. काही महिन्यांनी केंद्राच्या बाई बैठकीत खुशीत सांगत होत्या, एकाचा श्वास अगदी पान अकरासारखा, त्याची दर आठवड्याची हजेरी आता महिन्यावर आणली. तो खरं बोलत होता का? मला माहीत नाही. हे मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं मीच कमावलेलं आहे.

परत आलेले पट्टे मी स्पिरिटने दोनदोनदा पुसायची, बरं का. ‘तसल्या’ माणसांचे म्हणून! ती माणसं निदान खुर्चीत बसली होती. आमच्या घरात कुणाला बसवलं कधी?

आता कशाबद्दल ते.

यंत्राच्या दहा वर्षं आधीची गोष्ट, माझ्या भावाचं लग्न होतं. आदल्या दुपारी मी डाळिंब्या सोलत होते आणि बहिणीची मुलगी सई शेजारी येऊन बसली. अकरा वर्षांची. म्हणाली, “मावशी, मला नानामामांच्या खोलीत झोपायला पाठवू नका.” आणि का, तेही तिने सांगितलं. ते शब्द तिचे आहेत, मी इथे लिहिणार नाही. नानामामा म्हणजे माझे सख्खे मामा — हसवून पोट दुखवणारे. माझ्या ज्या किश्शांवर तुम्ही हसता, त्यांची ढब त्यांचीच. मी म्हणाले, “आत्ता कुणाला सांगू नकोस हं. लग्न होऊन जाऊ दे.”

लग्न झालं. ते ‘जाऊ दे’ तसंच राहिलं.

थांबा, एवढंच नाही. खुर्चीत बसले त्याच वर्षी, एका रविवारी, सईचाच फोन आला. नानामामा एकटे पडले म्हणून कायमचे माझ्या भावाकडे राहायला येणार होते, आणि भावाची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. सईने घरात सगळं सांगून टाकलं होतं. कुणी विश्वास ठेवेना. “मावशी, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. फक्त एवढं बोल ना. फोन स्पीकरवर आहे.”

मला मागे भावाचं खोकणं ऐकू आलं. बहिणीच्या बांगड्याही.

“नाही गं,” मी म्हणाले, “मला नाही असं काही आठवत.”

श्वास एकसारखा. त्या दिवशी छातीला पट्टा नव्हता, पण असता तरी पान अकराच निघालं असतं. सई खोटारडी ठरली. त्यानंतर ती त्या घरात गेली नाही. नानामामा मात्र तिथे राहायला गेले. चार वर्षं तिथेच राहताहेत.

घराण्याची अब्रू वगैरे मला सांगू नका. ती राखली कुणी, तर एका अकरा वर्षांच्या मुलीने, आणि तिला विचारलं कुणी? ज्यांना माझा राग येईल त्यांनी खुशाल करावा. पुढच्या गणपतीत मला बोलावलं नाहीत तरी चालेल.

आज शनिवार आहे. उद्या फोनवर हे असंच्या असं वाचणार आहे — आधी भावाला, स्पीकर लावायला सांगून. मग सईला, तिने उचलला तर.

आठवतं. डाळिंब्यांची सालं मांडीवर होती, आणि तिने सांगितलेला शब्द न् शब्द मी ऐकला होता.