पटावरची वसुधा

वसुधा जाऊन आज वर्ष झालं, आणि ती अजून खेळातून उठलेली नाही.

हे वाचून ज्यांना "मावशी, काळजी घ्या" लिहायचं असेल त्यांनी कृपया लिहू नये. माझं डोकं ठिकाणावर आहे.

वसू आणि मी कॉन्व्हेंटपासूनच्या मैत्रिणी. रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. आम्ही इंदिरानगरला माझ्या डायनिंग टेबलवर राक्षस मारायला लागलो.

खालच्या मजल्यावरचा तन्मय गेम चालवायचा, म्हणजे गोष्ट सांगायचा आणि राक्षसांच्या चाली खेळायचा. त्याची बायको सई आणि आम्ही दोघी खेळायचो. चौकटींचा पट, बोटभर उंचीच्या सोंगट्या, फासे. दर रविवारी दुपारी वसू पंचवटीहून रिक्षाने यायची.

"या वयात बाहुल्या?" असं तिच्या सुनेने विचारलं होतं. तुमच्या मालिकांपेक्षा बऱ्या.

वसू तलवार क्वचितच काढायची. ढालीने समोरच्याला मागे रेटायची. आगीत, नदीत, कड्यावरून.

"मारत कोण बसणार? त्याच्या मागे काय आहे ते बघ आणि ढकल."

आणि राक्षस मला ढकलणार असं दिसलं की ती माझ्या मागच्या घरात येऊन उभी राहायची. नियम साधा आहे. मागचं घर भरलेलं असेल तर ढकललेली सोंगटी तिथेच थांबते.

"शैले, दरीकडे पाठ करून उभं राहायची फार हौस तुला. थांब, आले."

मग एका दुपारी ती झोपली ती उठलीच नाही. आमची लढाई अर्धवट राहिली.

तिच्या सोंगटीला कोणी हात लावायचा नाही, असं मी बजावलं. ती पटावर काढलेल्या जिन्यापाशी होती, तशीच राहिली. पट माझ्याच टेबलावर, जाळीखाली. मी किचनमध्ये जेवते. घरात दुसरं कोणी नाही.

पुढे खेळायचा कोणाचाच धीर होत नव्हता. काल शेवटी बसलो.

राक्षसाने मला ढकललं. फासा माझ्या विरुद्ध पडला. तन्मयने माझी सोंगटी दरीकडे सरकवली आणि त्याचा हात थांबला.

माझ्या मागच्या घरात वसू उभी होती.

अगदी काठावर.

बसताना हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही, मला सांगता येत नाही. सईने टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

"मावशी, तुम्ही सरकवलीत का?" तन्मयने हळूच विचारलं. "सरकवली असेल तरी चालेल हं."

चालेल? परीक्षेत शेजारणीच्या पेपरकडे मान न वळवलेली बाई मी. आता फाशांत लबाडी करू?

"मी हात लावलेला नाही. ती जिन्यापाशी होती. तिला तिथे ठेव आणि मला पाड."

"तुमचं कॅरेक्टर मरेल, मावशी. इट्स ओके, राहू दे ना."

ती तिथेच राहावी असं मलाही वाटत होतं. फार वाटत होतं.

"मेलेलीच्या जिवावर मी वाचणार नाही. ठेव म्हणते ना."

त्याने ठेवली. मग मला पाडलं. आमची दरी म्हणजे पटाच्या कडेला ठेवलेला काळा, खोलगट ट्रे. त्यात माझी सोंगटी आडवी झाली. दोघं चहा न घेताच खाली गेले. मी जाळी घातली.

आज सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले.

जिन्यापाशी कोणी नाही.

ट्रेमध्ये माझी सोंगटी आडवी पडलेली. शेजारी वसू उभी. तिची ढाल बाहेरच्या बाजूला.

तिला ढकलायला तिथे कोणी नव्हतं. राक्षस काठापासून दोन घरं आत, काल होता तिथेच आहे.

जाळी जशीच्या तशी.

फोटो मागू नका. मी टाकणार नाही.

सुनेचा मेसेज आलाय, आईंच्या आत्म्यास शांती लाभो. आईंना शांती कधी मानवली नाही, बाई. तुला कळलंच नाही कधी.

वसू, मी ठीक आहे गं. पडले तरी एकटी पडायला शिकेन.

तू जा आता. माझा नमस्कार घे आणि जा.