कच्चं फोपसं

आज मटणवाल्यानं फोपशाची काळी पिशवी उचलून विचारलं, "कुत्र्यासाठी टाकू का?" त्या ओल्या, उग्र वासानं मला परभणीतल्या थोरल्या भावाचा हॉल आठवला आणि डोकं तापलं. त्याचं महागडं कुत्रं तिथं सोफ्यावर लोळायचं, त्याच्या पोरीचं तोंड चाटायचं. दर रविवारी घरच्यांना मटण यायचं आणि कुत्र्याला फुकटातलं बकऱ्याचं फोपसं, म्हणजे फुफ्फुस, पाण्याचे फोड आलेलं, माणसाला विकता न येणारं. "उकडून घाल की," मी म्हणायचो. "शिजवलं की कुत्रं मऊ पडतंय. कच्च्यानं कसं तिखट राहतंय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. एकदा वहिनी सोफ्यावर सांडलेले तांदळाचे दाणे वेचत होती. मी वाकून बघितलं आणि ओरडलो, "वहिनी, टाका ते! हालायलेत!" कुत्र्याच्या शेपटीखालीही तेच चिकटले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी कच्च्यातून पोटात पट्टकृमी झालेत, चाटण्यातून पोरीलाही बाधा होईल म्हणून सांगितलं, गोळी दिली, कच्चं बंद करा म्हणून बजावलं. भावानं मान डोलावली. घरी कुत्रं गोळी थुंकायला लागलं, तसं त्यानं फ्रीजमधून उरलेलं फोपसं काढलं, त्याच्या तुकड्यात गोळी कोंबली आणि चारली. वर माझ्याकडं बघून हसला, "बघ, कसं गिळलं!" ते हसू अजून माझ्या डोक्यात बसलंय. "खड्डा करून पुरा ते," मी मटणवाल्यावर खेकसलो. तेवढ्यात मागचा माणूस हात पुढं करून म्हणाला, "पुरता कशाला? मला द्या. आमच्याकडं हाय कुत्रं."