नानांची सही

नाना एखाद्या घरात शिरले की पहिला प्रश्न विचारायचे, "दुपारी घरी कोण असतं?" चोर सोडला तर हा प्रश्न इतक्या आस्थेने विचारणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. नाना वायरमन होते, लायसनवाले. नव्या घरात वीज घ्यायची तर बोर्डाकडे टेस्ट रिपोर्ट द्यावा लागे, आणि त्यावर सही करायचा अधिकार नानांना होता. नाशिकच्या आमच्या भागात तेव्हा घरं भराभर उठत होती आणि सही करणारेही पुष्कळ होते. काही तर घर न बघताच सही ठोकायचे. नानांची सही मिळवणं मात्र महाकठीण. पाठीमागे त्यांना सगळी कॉलनी 'नापास नाना' म्हणायची.

त्यांचे भावही जगावेगळे. वायरिंगचा दर पॉइंटवर ठरायचा. जितके दिवे, पंखे नि प्लग, तितके पॉइंट, आणि सगळ्यांना एकच भाव. नानांकडे दोन होते. एक कामाच्या पॉइंटचा आणि एक मिरवण्याच्या पॉइंटचा. मिरवण्याचा दुप्पट. कुठला पॉइंट कामाचा आणि कुठला मिरवण्याचा, हे नाना ठरवणार. त्यावर अपील नाही.

आमचे हे ओझरला विमानांच्या कारखान्यात. कागदावर रेघोट्या मारायची सवय, म्हणून घराचा नकाशा काढून त्यावर लाल पेन्सिलीने दिवे दाखवून ठेवलेले. नानांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"साहेब, बाहेरच्या खोलीत हे भिंतीवर दोन-दोन दिवे कशाला?"

"बरं दिसतं ना."

"मिरवण्याचे. आणि ही बेल? लोकांना दार वाजवायला हात नाहीत का? हीसुद्धा मिरवण्याचीच."

ह्यांचं तोंड जे पडलं ते पडलंच. मग नाना स्वयंपाकघरात आले आणि मी पोळ्या कुठे लाटते ते विचारलं. मी जागा दाखवली. तिथे स्वतः उभे राहिले, हाताने हवेत लाटून बघितलं आणि नकाशातला दिवा हातभर पुढे सरकवला. "बाई, स्वतःच्या सावलीत पोळ्या लाटायच्या नाहीत," म्हणाले. खरं सांगते, त्या घरात माझी सोय बघणारा तो पहिला माणूस.

देवघरातला दिवासुद्धा त्यांनी मिरवण्यात टाकला. "देवाला अंधारात दिसतं," म्हणाले. इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेल्या माझ्या सासूबाई तिथे पहिल्यांदा बोलल्या. त्या नामपूरच्या. जन्म बागलाणात गेलेला, बोली अहिराणी. "भाऊ, देवले दिसस. माले नही दिसत ना."

नानांनी जरा विचार केला. "कामाचा," म्हणाले. नानांना हरवलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

पण सासूबाईंचं खरं दुखणं वेगळं होतं. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं, पण शहरात त्यांचं मन रमेना. "माले आठे काय काम शे?" मला इथे काय काम, हे पालुपद दिवसभर चालायचं. नळाला हात लावायला भ्यायच्या, स्टोव्हला भ्यायच्या, आणि बोचकं कायम बांधून ठेवलेलं. त्या नामपूरला परत गेल्या असत्या तर माझ्या तान्ह्या पोरीला बघायला घरी कोणी नव्हतं. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडली की माझी मास्तरकी गेलीच म्हणून समजा. मी त्यांना गुळासारखी जपत होते.

आणि अशात वायरिंग पुरं झालं नि नाना रिपोर्टचा कागद घेऊन उगवले. तारांतली गळती मोजायच्या मेगरचं हँडल डोळे मिटून फिरवलं, प्रत्येक तार तपासली, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा नीट पडलाय की नाही ते काडी खुपसून पाहिलं. सगळं पास. ह्यांनी पेन पुढे केलं. नाना म्हणाले, "आता दुपारच्या माणसाला बोलवा."

दुपारचं माणूस म्हणजे सासूबाई. नानांचा नेमच होता तो. दुपारी घरात जे असेल त्याने त्यांच्यासमोर मेन स्विच खाली ओढायचा, फ्यूज काढायचा, नवी तार घालून परत बसवायचा. ते जमलं तर सही.

"अहो, ती म्हातारी बाई आहे," हे म्हणाले. "मी आहे ना घरात."

"साहेब, तुम्ही ओझरला. फ्यूज इथे. पोरगी पंख्याला चिकटली तर तुम्ही तिथून काय करणार?"

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. "माले भ्याव वाटस, भाऊ."

"आक्का, अजून कनेक्शनच नाही. त्या पेटीत आज काही नाही. म्हणून तर आजच शिकायचं."

पण पेटी ती पेटीच. सासूबाईंनी आधी हात धुऊन मेन स्विचला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि त्याच ओल्या हाताने सरळ फ्यूज उपटला. मेन चालूच. नाना शांतपणे म्हणाले, "नापास."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला आयुष्यातल्या पहिल्या परीक्षेत नापास केलं त्या बाबाने. सासूबाईंनी बोचकं पुढ्यात ओढलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. मी नानांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या हेडमास्तरांनाही दिल्या नसतील.

आठवड्याने नाना परत आले. या खेपेला सासूबाईंनी मेन खाली ओढला, हात पदराला पुसले, पण उभ्या राहिल्या ओल्या फरशीवर अनवाणी. परत नापास. शेजारीपाजारी दिवे लागले होते आणि आमच्या कोऱ्या घरात कंदील. छताला काजळी धरायला लागली.

हे वैतागले. म्हणाले, "पुरे झाला हा तमाशा. एक जण घरबसल्या सही देतो. उद्याच आणतो."

सासूबाई भाजी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "मी नापास म्हनीसन दुसरानी सही? मी काय मरी गयी का?"

बाईंना राग आला होता. आणि राग आला की भीतीला जागा उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा अभ्यास सुरू. रबरी चपला घालायच्या, पाटावर उभं राहायचं, मेन खाली, फ्यूज बाहेर, तार, फ्यूज आत, मेन वर. भात करपला तरी मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

तिसऱ्या वेळी नानांनी समोर दोन तारा ठेवल्या. एक केसासारखी बारीक, एक चांगली जाडजूड. बाईंनी सगळं अचूक केलं आणि तार उचलली ती जाड.

"ही का?"

"जाड शे. टिकी. ती दुसरी तं लगेच तुटी जाई."

"आक्का, ती तुटण्यासाठीच असते."

"तुटासाठी? मंग बांधानी कशाले?" शेतातल्या बाईचा जन्म दोर वळण्यात गेलेला. तुटावा म्हणून कुणी दोर बांधतं का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू हा माणूस ठार वेडा आहे.

नाना पहिल्यांदाच फरशीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "जास्त वीज आली की ही आधी तुटते आणि बाकी सगळं वाचतं. जाड तार घातली तर ती टिकेल आणि घर जळेल. घरात असं एक माणूस असावं लागतं, आक्का. वेळीच 'बस' म्हणणारं."

सासूबाईंनी त्या बारीक तारेवरून बोट फिरवलं. मग जाड तार बाजूला केली, बारीक घेतली, स्क्रूभोवती गुंडाळली, फ्यूज बसवला आणि मेन वर केला. दिवा काही लागला नाही, कारण वीज नव्हतीच. नानांनी पेन काढून सही केली.

बोचकं कधी सुटलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. जूनमध्ये मी शाळेत गेले. घरी आले की सासूबाईंचा पत्ता नसे. पोरीला कडेवर घेऊन त्या कॉलनीत कुणाच्या तरी घरी फ्यूज घालत असायच्या. वर तिथल्या सुनेला पाटावर उभी करून परीक्षाही घ्यायच्या. दोघीतिघींना नापास केलं म्हणून भांडणं आमच्या दारात आली.

नानांचं काम पुढे आटलं. ठिकठिकाणी बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि एका बिल्डरने त्यांना सगळ्या फ्लॅटांवर एकदम सही मागितली. नाना म्हणाले, "दुपारची माणसं कुठे आहेत?" बिल्डर म्हणाला, अजून फ्लॅट विकायचेत. नाना म्हणाले, मग माणसं आल्यावर बोलवा. त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. मला त्यांचा फार राग यायचा आणि फार अभिमानही वाटायचा.

ते गेल्याची बातमी एका रविवारी भाजीवाल्याने सांगितली, चार दिवस उलटून गेल्यावर. सासूबाई उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि डोक्यावरून अंघोळ करून आल्या. ओले केस तसेच घेऊन अंगणात बसल्या. त्या दिवशी देवपूजाही केली नाही.

शेजारीण कुंपणापाशी आली. "का हो आजी, सुतक आलं का? माहेरचं कोणी?"

"हा," सासूबाई म्हणाल्या. "मना भाऊ गया."