खेळपट्टीतला खांब

मेढ्यातल्या आमच्या मैदानाची खेळपट्टी दरवर्षी दिवाळीनंतर मीच करतो. काळी माती आणतो, चाळतो, पाणी मारून महिनाभर रोलर फिरवतो. यंदा ती तयार झाली आणि जगातल्या सर्वोत्तम पुरुष क्रिकेटपटूचा वार्षिक पुरस्कार भारताच्या खेळाडूला मिळाला. लगेच गावच्या पुढाऱ्यांनी मैदानावर अभिनंदनाची सभा ठेवली. खेळाडू येणार नव्हताच. फ्लेक्सच्या कोपऱ्यात त्याचा फोटो आणि बाकी सगळे चेहरे यांचे.

सकाळी गेलो तर मांडववाला पहारीने खेळपट्टीतच खड्डे घेत होता. मी पहार धरली.

"आवं, सपाट जागा हीच हाय," तो म्हणाला. "उद्या बुजवून देतो की."

मागून पुढारी म्हणाले, "एका दिवसानं काय बिघडतंय रं?"

डोकं फिरलं होतं, तरी मी पहार सोडली.

चेंडूचा टप्पा पडतो नेमका तिथेच मांडववाल्याने खांब रोवला. संध्याकाळी त्याच खांबाला टेकून पुढाऱ्यांनी माईकवर विचारलं, असा खेळाडू आपल्या मातीत का घडत नाही? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, म्हणून मीही वाजवल्या. तो राग मला अजून गिळता आलेला नाही.