अम्माला न घातलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय—मलाही नीट कळत नाही. नऊ वर्षं झाली, आणि अजून वाटेत बोरीचं झाड दिसलं की मी मान फिरवते.

आधी अम्मा-अब्बांबद्दल सांगू द्या. मुद्दा टाळतेय, कबूल—पण त्यांच्याशिवाय तो कळायचाही नाही.

अब्बा कोल्हापुरात शिंपी होते. दोन खोल्यांचं घर, पुढे पडवीत मशीन. शिंपी म्हटला की 'उद्या या' आलंच, नाही का? अब्बांच्या तोंडून ते कधी निघालं नाही. जोतिबाच्या यात्रेसाठी कुणी सदऱ्याचं कापड घेऊन आलं की हातातली कामं बघून सरळ सांगायचे, "पावणं, यात्रेपतोर न्हाय व्हणार. दुसरीकडं टाका की." गिऱ्हाईक चालतं व्हायचं. अम्मा कपाळाला हात लावायची, आणि हसायची.

अम्मा मोहल्ल्यातल्या बायकांच्या मयताला गुस्ल द्यायची—दफनाआधीची शेवटची आंघोळ. बदल्यात कुणाचा चहासुद्धा घेत नसे. निरोप आला की परातीतलं पीठ तसंच झाकून उठायची. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी, कापूर आणि तिचे ते रुंद हात. भाजून गेलेली सून असो, वर्षभर अंथरुणात झिजलेली म्हातारी असो, तिने कुणाला नाही म्हटलं नाही. घरी आल्यावर आम्ही खोदून विचारायचो. ती म्हणायची, "जे दिसलं ते पाण्यासंगं गेलं." गेलेल्या माणसाचं उणं झाकायचं, अल्लाह आपलं झाकतो—एवढाच तिचा धर्म होता, आणि तो ती रोज जगायची.

आणि मी? मला तिच्या हातांची किळस यायची. लिहिलं एकदाचं. मयत करून आली त्या दिवशी मी तिच्या हातची भाकरी खायचे नाही. ती रागावली नाही. अब्बाच मशीनवरून उठून भाकऱ्या थापायचे—जाड, कडेला करपलेल्या. माझ्या पुढ्यात ठेवायचे आणि परत मशीनवर जाऊन बसायचे. पण कबुली ही नव्हे. ते लहान पोरीचं खूळ होतं. मी सांगतेय ते घडलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते.

अम्मा एका सकाळी चहा गाळता गाळता गेली. मी इचलकरंजीहून, सासरहून, पोचले तेव्हा अब्बा पडवीत कफन कापत होते. बाईच्या कफनाचे पाच कपडे असतात. अब्बांनी टेप हातात घेतली नव्हती. तिचं माप त्यांना पाठ होतं. कात्री कुठे अडली नाही, फक्त ओठ हलत होते—काहीतरी पढत होते. बघताना मला वाटलं, अशा माणसांच्या पोटी मी जन्मले?

मोहल्ल्यातल्या हसीनाखालाला हे काम अम्मानेच शिकवलेलं. तिने बाह्या वर सारल्या आणि आतून हाक मारली, "ये गं. पयलं पाणी लेकीचं."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. अम्मा पांढऱ्या चादरीखाली होती—हजार बायकांना ज्या हातांनी तिने न्हाऊ घातलं ते हात आता मला धरायचे होते. आणि मी म्हणाले, "खाला, मला नमाज नाही."

आमच्यात बाईने एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. महिन्याची अडचण असली की नमाज नाही, आणि मयताला हात लावणंही नाही. खालाने मान हलवली आणि पडदा ओढला. मी बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिले.

मला कसलीही अडचण नव्हती.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर दफन झालं. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली आणि मी—इतकी बेफाम रडत होते की सकाळचं खोटंच विसरले. हातपाय-तोंड धुऊन वुजू केलं, आतल्या खोलीत नमाजाची चटई, मुसल्ला, अंथरला आणि अम्मासाठी नमाजला उभी राहिले. सजद्यात जमिनीला टेकलेलं डोकं उचलताना दारात पाय दिसले. मशीन मारून मारून टाचा फुगलेले, अब्बांचे पाय. सकाळी माझं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. तीन हातांवर तर बसले होते.

ते पाय काही क्षण तिथेच राहिले. मग पडवीतून खालाचा आवाज आला, "पोरगी कुठं हाय?"

अब्बांनी दार हलकेच ओढून घेतलं.

"झोपलीया ती. नको उठवूस."

यात्रेच्या गिऱ्हाइकाशी खोटं न बोललेला माणूस! बायकोला नुकतंच मातीत ठेवून आलेला. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं, आणि ते माझं झाकायला. पुढे ते कधी त्यावर बोलले नाहीत. चाळिसाव्या दिवसानंतर मी सासरी निघाले तेव्हा त्यांनी फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. जाड, कडेला करपलेल्या.

मागच्या वर्षी अब्बाही गेले. त्यांना पुरुषांनी न्हाऊ घातलं, मी रीतीप्रमाणे दाराबाहेर होते. तिथे मला कुणी हाक मारणार नव्हतं.

अम्माच्या वेळी हाक आली होती. पहिलं पाणी माझं होतं. ते मी घातलं नाही.