पूरा खाली

विश्वंभर वझलवारांच्या हिंदीला कॉलनीत तोड नाही, हे आधी ते स्वतः सांगत आणि मग बाकीच्यांना कबूल करावं लागे. वर्ध्याहून येऊन झाशीच्या वॅगन वर्कशॉपमध्ये चिकटले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. सुपरवायझर होऊन बाहेर पडले, तोवर बुंदेली फिटरांच्या होकाराच्या 'हओ'ला 'हओ'नेच उत्तर देण्याइतके ते इथले झाले होते. कॉलनीतल्या मराठी बायकांच्या हिंदीची परीक्षा घेणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्यातही पहिला नंबर घरच्याच मंडळींचा. सिंधूताई भाजीवाल्याला म्हणाल्या, "भैया, कल का भेंडी शिळा था," की हे गच्चीवरून ओरडणार, "सिंधू, त्याला आधी मराठी शिकव, मग भाव कर."

सिंधूताई हसून सोडून देत. त्यांना भांडायला वेळ नसे, रेवडी होती ना.

रेवडी म्हणजे त्यांची पांढरीशुभ्र कुत्री. आणली तेव्हा विकणारा पामेरियन म्हणाला, डॉक्टर स्पिट्झ म्हणाले, सिंधूताई रेवडी म्हणाल्या आणि विषय संपला. मुलगी मृदुला नोकरीला पुण्याला गेली त्याच वर्षी ती घरात आली. रोज दुपारी जेवणं उरकली की सिंधूताई दारात चटई टाकून तिला विंचरत बसत. गळ्यापासून शेपटीपर्यंत, मग कुशीवर वळवून पोट. रेवडी डोळे मिटून पडून राही आणि सिंधूताई तिला घरातलं, दारातलं, नवऱ्याचं, सगळं सांगून टाकत. विश्वंभररावांची तक्रार एकच. "वरणात तूप असावं. लोकर कशाला?"

या रेवडीपायी सिंधूताईंनी कित्येक वर्षं बाहेरगावी रात्र काढली नव्हती. लग्नं चुकली, मुंजी चुकल्या. पण यंदा मेमध्ये मृदुलाला पाचवा महिना लागताच तिचं डोहाळजेवण निघालं, आणि विश्वंभरराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "तू जा. मी आहे ना."

"तिचं विंचरायचं?"

"अगं, डबे जोडलेत आयुष्यभर. एक कुत्री विंचरता नाही येणार?"

"आत्ता या वेळी जमलं म्हणजे मग बाळंतपणाला मला निवांत जाता येईल," सिंधूताई म्हणाल्या. त्या दहादा मागे वळून बघत रिक्षात बसल्या. विश्वंभररावांची खरी परीक्षा काय होती, ते त्यांनी असं सांगूनच ठेवलं होतं.

पहिले दोन दिवस विश्वंभररावांनी विंचरलंही. मग ऊन चढलं. झाशीचं मेमधलं ऊन म्हणजे माणसाने दाराची कडीसुद्धा रुमालाने धरावी. रेवडी दिवसभर कूलरच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडायची आणि विश्वंभरराव खाटेवर. विंचरणं उद्यावर, उद्याचं परवावर. सिंधूताई परतायच्या आदल्या दिवशी सहज हात घातला, तर पोटाखाली गाठींचा असा जटाभार झालेला की फणी शिरेना. ओढलं तर रेवडी कळवळली.

शेजारचे गोविंदराव म्हणाले, "इलाइट चौराह्यापाशी कुत्र्यांचं नवं पार्लर निघालंय. एसी आहे. तुम्हीपण करून घ्या काहीतरी."

विश्वंभररावांनी रिक्षा केली. पार्लरमधला दाढीवाला मोठा अदबीचा. त्याने रेवडीला टेबलावर घेतलं, केसांतून हात फिरवला.

"क्या करवाना है, अंकल जी?"

"गरमी बहुत है भैया. इसका खाली कर दीजिए."

"पूरा खाली?"

"हाँ हाँ, पूरा. एक बाल न रहे."

दाढीवाला जरा घुटमळला. "घर में पूछ लिया है न?"

"घर में हम ही हैं," विश्वंभरराव म्हणाले. या वाक्याला पुढे गोविंदरावांकडे फार मान मिळाला.

ते समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. तिथे कुणीतरी जुना वर्कशॉपवाला भेटला, गप्पा लांबल्या. परत येऊन काच ढकलली, तर फरशीवर पिंजलेल्या कापसाचा ढीग आणि टेबलावर उकडून सोललेल्या रताळ्यासारखं काहीतरी गुलाबी, थरथरतं. डोक्यावर एक झुपका, शेपटीला एक. ते शोभेला ठेवलेले. मानेपाशी आणि कुशीत यंत्र लागून लाल ओरखडे.

"ये क्या किया?"

"जो आपने कहा. पूरा खाली."

"अरे, हमने खाली बोला था, खाली!" विश्वंभररावांनी हात रेवडीच्या पोटाखाली नेऊन दाखवला. "यहाँ का!"

दाढीवाल्याने त्यांच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. "तो नीचे बोलते न, अंकल जी."

सगळी हयात हिंदीत गेलेल्या माणसाच्या जिभेवर ऐन वेळी वर्ध्याचं 'खाली' येऊन बसलं होतं. आणि झाशीत 'खाली' म्हणजे रिकामं. भांडायला आलेला माणूस टॉवेलात गुंडाळलेली रेवडी छातीशी धरून रिक्षात बसला. ती एरवी रिक्षातून तोंड बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायची. त्या दिवशी तिने टॉवेलाबाहेर नाकसुद्धा काढलं नाही.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, या जातीला मुळापासून भादरत नाहीत. केस येतील, कदाचित दीड वर्ष लागेल. वय झालंय, कदाचित पूर्वीसारखे यायचेही नाहीत.

गोविंदरावांनी सल्ला दिला. "सरळ पार्लरवाल्यावर ढकला. वहिनी कुठे त्याला विचारायला जाणार आहेत?"

विश्वंभररावांनी ते वाक्य पाठही केलं. दुसऱ्या दिवशी सिंधूताई आल्या, पिशव्या दारातच टाकल्या, "रेवडे" म्हणून हाक मारली. खाटेखालून ती बाहेर आली. सिंधूताई दोन पावलं मागे सरल्या.

"ही कुणाची?"

मग रेवडी भुंकली, आणि तो आवाज ओळखून सिंधूताई खालीच बसल्या.

"त्या पार्लरवाल्याने..." विश्वंभररावांनी सुरुवात केली. रेवडी सिंधूताईंच्या पदरात डोकं खुपसत होती. पुढचं पाठ केलेलं वाक्य काही आलं नाही. "नाही. मीच सांगितलं. पोटाचे काढायला सांगायचं होतं. खाली म्हणालो."

त्यांना वाटलं, आता ही हसेल. इतक्या वर्षांच्या भेंडीचं उट्टं काढेल, कॉलनीभर सांगेल. हसावंच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सिंधूताई हसल्या नाहीत. ओरखड्यांवरून बोट फिरवत विचारलं, "गाठी झाल्या कशा?"

विश्वंभरराव कूलरकडे बघू लागले.

"मला फोन करायचात. मी सांगितलं असतं काय करायचं ते."

"तुला तिथे कार्यात उगाच त्रास..."

"दोनच वाक्यं लागली असती. तीही मराठीत."

बोलणं एवढंच झालं. पुढे ओरखड्यांना मलम, उन्हाचं जपणं, जुन्या परकराचं शिवलेलं झबलं, सगळं सिंधूताईंनी एकटीने केलं. विश्वंभरराव मलमाची ट्यूब हातात घेऊन उभे राहत. त्या "असू द्या" म्हणत आणि ट्यूब काढून घेत. गणपतीपर्यंत केस आले, पण कुठे राठ, कुठे विरळ, आणि पाठीवर मधोमध काहीच नाही. पोरं विचारत, "आंटी, इसको क्या हुआ?" सिंधूताई सांगत, "बुखार आया था." नवऱ्याचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. विश्वंभररावांना तेच जास्त लागे. गच्चीवरून बायकांचं हिंदी सुधारणं बंद झालं. गोविंदरावांनी चौकशी केली, "मास्तर सुट्टीवर का?" तर नुसतं "हओ" म्हणाले.

दसऱ्याच्या सुमाराला मृदुलाचे दिवस भरत आले. सिंधूताईंनी बॅग भरली. विश्वंभररावांनी आपण होऊन कपाटातून झबली काढली, घडी घातली, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लावला.

"तू काळजी करू नको. दुपारी मी तिला..."

"तुमचं लोणचं खालच्या फळीवर आहे," सिंधूताई म्हणाल्या. "पोळ्यांना बाई सांगितलीय."

मग त्यांनी झबल्यांची पिशवी उचलली, रेवडीला कडेवर घेतलं आणि फाटकातून बाहेर पडून शेजारचं फाटक उघडलं. गोविंदरावांच्या प्रांजलीवहिनी दारात उभ्याच होत्या. ते दोघींमध्ये कधीच ठरलेलं होतं. झबलं केव्हा, भात किती, उन्हात कुठवर, सगळं सांगून झालं. सिंधूताई रिकाम्या हाताने परत आल्या आणि म्हणाल्या, "चला, रिक्षा आलीय."

महिनाभर विश्वंभरराव घरीच होते. त्यांना कुठे जायचंही नव्हतं. दुपारची जेवणं झाली की ते दोन घरांमधल्या भिंतीपाशी खुर्ची आणून बसत आणि पलीकडून प्रांजलीवहिनींचा रेवडीशी बोलण्याचा आवाज ऐकत.

एकदा उठून उभे राहिले. "वहिनी, उठली का हो ती?"

"झोपलीय भावजी. उठवू?"

"नको, नको," ते म्हणाले. "राहू दे. तिला झोपू दे."